अर्धी कोरी पाटी

नव्या तळ्यावर पाटी लावायची होती, आणि त्या पाटीनं रखमाजी चिताऱ्याची झोप उडवली होती. रायाजीराजांचं फर्मानच तसं होतं. पाटीवर महाराजांसकट एकोणीस नावं. कुलदैवत, राजगुरू, तिन्ही राण्या, सेनापती, दिवाण, शिवाय राण्यांची माहेरची मंडळी. कुणाचं अक्षर कुणापेक्षा तसूभरही मोठं नको, कारण राण्या रुसतात. रंग सगळ्यांना एकच. आणि एवढं करून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसायला हवं ते महाराजांचं नाव!

रखमाजीनं तीन पाट्या रंगवल्या. तिन्ही वेळा महाराजांचं नाव त्या गर्दीत हरवलं. तिसऱ्या खेपेला वाटसरूनं आधी धाकट्या राणीच्या मामाचं नाव वाचलं, तेव्हा महाराजांचा पारा चढला. पौर्णिमेपर्यंत पाटी झाली नाही तर चिताऱ्यानं कुंचले ठेवून राज्याबाहेर चालू पडायचं, असं त्यांनी भर दरबारात बजावलं. बिचारा रखमाजी मान खाली घालून उभा होता. त्याची लेक येसू मात्र दरबार न्याहाळत होती. घरी येताच तिनं बापाच्या हातातला कुंचला काढून घेतला.

पौर्णिमेला पाटी घेऊन येसूच दरबारात आली. राजगुरूंनी दोरा लावून अक्षरं मोजली, तर सगळी सारखी. रंग एकच, काळा. मग रस्त्यावरून तीन वाटसरू धरून आणले. तिघांनीही दारातूनच आधी महाराजांचं नाव वाचलं.

महाराज खूश झाले, पण क्षणभरच. अठरा नावं डावीकडे दाटीवाटीनं बसवलेली. उजवी अर्धी पाटी कोरी, आणि तिच्या मधोमध महाराज एकटेच. दिवाणजींना तर मोह आवरेना. एवढ्या जागेत आपल्या चार जावयांची नावं सहज बसतील, असं ते म्हणाले.

"काय गं पोरी," महाराज गुरगुरले, "अर्धी पाटी रिकामी सोडलीस? कामाचा कंटाळा?"

"महाराज, दरबारात नवखा माणूस आला की त्याला आधी कोण दिसतं?" येसूनं विचारलं.

"आम्ही."

"आपण सेनापतींपेक्षा उंच आहात?"

महाराज सेनापतींच्या जेमतेम खांद्याला लागत होते.

"नाही," ते नाइलाजानं म्हणाले.

"मग आधी आपणच कसे दिसता?"

महाराजांनी आजूबाजूला पाहिलं. सिंहासनाच्या चारी बाजूंना पाच पावलं कुणी फिरकायचं नाही, असा त्या दरबाराचा रिवाज होता. सगळे मानकरी त्यापलीकडे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"तेवढीच पाच पावलं मी पाटीवर आणली," येसू म्हणाली. "दिवाणजींच्या जावयांना तिथं आत्ता बसवते. पण मग इथंही त्यांना सिंहासनाला खेटून बसवावं लागेल!"

महाराज इतके हसले, इतके हसले की पगडी कानावर आली. दिवाणजी तेवढे छताकडे बघत राहिले. त्याच दिवशी राज्यातल्या सगळ्या पाट्यांचं काम बापलेकीला मिळालं, वर येसूला सोन्याचं कडं मिळालं, आणि त्या कोऱ्या जागेत कुणी साधा ठिपकाही काढायचा नाही असं फर्मान निघालं.