खोटा प्रसंग दाखवा

माथेरानच्या रखमाजी ढेबेंची घोडी मैना शूटिंगला गेली ती परत आलीच नाही. "पोटशूळ उठला, तंबूतच गेली," असं दिग्दर्शक वीरकरांनी कळवलं आणि वर सिनेमाच्या पहिल्या खेळाचं आमंत्रण धाडलं.

खेळ संपल्यावर वीरकर पाहुण्यांपुढे रुबाबात म्हणाले, "रखमाजी, जन्म घोड्यांत गेला तुमचा. आमच्या सिनेमातला घोड्याचा एक तरी प्रसंग खोटा आहे, असं दाखवा."

"एक कशाला, साहेब? पडद्यावर घोडी दहा कोस दौडली तरी अंगाला घाम न्हाई. पावलोपावली खिंकाळती, भरधाव घोडं फुरफुरतं, खिंकाळत न्हाई."

लोक हसले. वीरकरही हसले. "म्हणजे सगळंच खोटं?"

"न्हाई. एक प्रसंग खरा हाय." रखमाजींनी पडद्याकडे बोट केलं. "पडायला शिकवलेलं घोडं पडताना आधी गुडघे टेकतं, मान वर धरतं. माझी मैना तोंडावर आपटली. पायांत तार अडकवल्याबिगर घोडं असं पडत न्हाई. पडल्यावर तिचे कान पुन्हा हलले न्हाईत. ती तंबूत न्हाई मेली, साहेब. तिचं मरण तुम्ही आत्ता समद्यांना दाखवलंत."