मोंब्रूलच्या भिंतीवरची पट्टी

“पण माझं पत्र पोचलं की नाही, एवढं तरी सांगा ना फादर.”

“पोचलं.”

“मग? काय केलं त्यांनी?”

“गेल्यावर दिसेलच.”

फादर बेनेडिक्ट तुस्कानो गाडी चालवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं होती. सप्टेंबर संपत आला होता. फुलं वाळून काळी पडली होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या.

शेजारी बसलेला रघुवीर चुरी वसईचा. चाळीस वर्षांपूर्वी फादरांनी त्याला शाळेत इतिहास शिकवला होता. पुढे फ्रान्सच्या खेड्यांत पाद्री मिळेनासे झाले आणि फादरांना तिकडे पाठवण्यात आलं. आता बहात्तराव्या वर्षी त्यांच्याकडे सत्तावीस गावं होती, म्हणजे सत्तावीस चर्च. बहुतेकांत वर्षातून एकदा मिस्साची प्रार्थना व्हायची. शिवाय कुणी वारलं तर.

रघुवीर बँकेत अधिकारी होता. रजा साठवून तो जुनी चर्च बघत फिरायचा, मोजमापं घ्यायचा, वह्या भरायचा. त्या वह्यांचं आता पुस्तक होणार होतं.

“मोंब्रूलवर अख्खं प्रकरण आहे,” तो म्हणाला. “शेवटचं. छापखान्यात गेलंय. फक्त एक फोटो हवाय, दुरुस्ती झाल्यानंतरचा.”

“नाव काय दिलंस प्रकरणाला?”

“‘एका भेगेची गोष्ट’.”

“हं.”

“तुमचा उल्लेख आहे त्यात. नीट बघायला मला तुम्ही शिकवलं, असं लिहिलंय.”

“खोडून टाक.”

रघुवीर मोठ्याने हसला. फादरांची थट्टा त्याला शाळेपासून माहीत होती.

फादर हसले नव्हते.

मोंब्रूल म्हणजे एकतीस घरं. त्यातल्या निम्म्यांच्या खिडक्या कायमच्या बंद. मधे एक चौक, चौकाच्या एका अंगाला बाराव्या शतकातलं चर्च, समोर पंचायतीची इमारत, तिच्यावर झेंडा. दोन झाडांखाली एक दगडी बाक.

चर्चच्या दाराला साखळी होती. साखळीला कुलूप होतं. दारावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला शिक्क्याचा कागद लावला होता.

रघुवीरला फ्रेंच वाचता येत नव्हतं, पण तारीख कळली.

“अकरा दिवसांत!” तो ओरडला. “माझं पत्र गेल्यापासून अकराव्या दिवशी कुलूप! आपल्याकडे अकरा वर्षांत पोच येत नाही, फादर.”

त्याने कुलपाचा फोटो घेतला. मग कागदाचा.

“दुरुस्ती कधी?”

“दुरुस्ती नाही.”

“निदान आत तरी जाऊ. किल्ली त्या आजींकडे असते ना? मादाम जर्मेन. गेल्या वर्षी त्यांनीच उघडून दिलं होतं. ओंजळभर अक्रोड दिले होते मला.”

“किल्ली पंचायतीत आहे. इथे चर्चची इमारत गावाची असते. पाद्री नुसता वापरतो. किल्ली समोरच्या एखाद्या घरी ठेवतात, कुणी बघायला आलं तर त्यांनी उघडून द्यायचं. सेहेचाळीस वर्षं ती तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला होती... सरपंचबाई आल्या आणि काढून घेऊन गेल्या.”

“बरोबर आहे. धोक्याची इमारत.”

“बस इथे,” फादर म्हणाले.

दोघे बाकावर बसले.

“तुझं पत्र मीच फ्रेंचमध्ये करून दिलं पंचायतीला. तरी पुन्हा सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.”

रघुवीर खुलला. बोटांवर मोजत सांगू लागला. उत्तरेची भिंत. खिडकीच्या खाली, छातीच्या उंचीवर. भेग सात मिलिमीटर, लांबी दोन मीटरच्या वर. नऊ फोटो, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी धरलेली.

“आणि प्लास्टर?”

“हां, तो तर विनोदच. भेगेवर आडवी पट्टी, वीतभर. असल्या सुंदर दगडावर कुणीतरी पांढरं प्लास्टर थापून ठेवलेलं. वर साल कोरलंय, १९३४. काय अभिमान बघा गवंड्याला! भेग बुजवली तीही अर्धवट, आणि वर सही.”

“पत्रात तू लिहिलं होतंस, पट्टी फुटून पडली आहे.”

“हो.”

“कशी फुटली?”

रघुवीरने कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं. पुन्हा काढलं.

“अहो, तशीही ती काही...”

“कशी फुटली, रघू?”

“मी काढली. खिशातल्या चाकूने. आतली भेग मोजायची होती. तिचा काय उपयोग होता? उलट दगड विद्रूप दिसत होता.”

“सैल झाली होती?”

“छे. घट्ट होती. निघता निघत नव्हती. अर्धा तास गेला माझा.”

मनोऱ्यावर कावळे भांडत होते.

“इथले गवंडी ती पट्टी भेग बुजवायला लावत नाहीत,” फादर अखेर म्हणाले. “भेग वाढते आहे का, ते कळावं म्हणून लावतात. मुद्दाम पातळ. मुद्दाम ठिसूळ. भिंत केसभर सरकली तरी ती तडकते. साल त्यासाठी कोरतात, कधीपासून सरकली नाही ते मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून. नव्वद वर्षं तडकली नव्हती.”

रघुवीर चर्चकडे बघत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“तुझं पत्र आल्यावर इंजिनिअर आला. त्याला भेग दिसली आणि पट्टीची दोन टोकं दिसली, मधला भाग नाही. पट्टी फुटली म्हणजे भिंत सरकली. दुसरं काय समजणार तो? नवी पट्टी लावून गेलाय. दोन हिवाळे बघणार. तोवर कुलूप.”

“दोन हिवाळे म्हणजे तसं काही फार...”

फादरांनी बोटाने चौकापलीकडचं घर दाखवलं. निळ्या झडपांचं. वरची एक खिडकी तेवढी उघडी होती.

“एक्क्याण्णव पूर्ण झाली तिला. ऑगस्टपासून अंथरुणावर आहे. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघणार नाही. आई, बाप, नवरा, एक मुलगी... सगळ्यांना तिने या दारातून मातीकडे नेलंय. माझ्याकडे तिने एकच गोष्ट मागितली आहे. तिलाही याच दारातून न्यायचं.”

“दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये नाही का होणार?”

“होईल ना. अकरा किलोमीटरवर आहे. तिथे तिला कुणी ओळखत नाही, पण गाड्या लावायला जागा उत्तम आहे.”

“मला काय माहीत, फादर,” रघुवीर म्हणाला.

“नव्हतं माहीत. विचारायचं होतंस. ती तिथेच होती.”

“मला फ्रेंच येत नाही.”

“बोट दाखवता येतं. वसईच्या किल्ल्यात मी तुम्हाला दर शनिवारी न्यायचो. पन्नास पोरं. पडक्या चर्चच्या भिंतींवर सगळी माकडासारखी चढायची. तू एकटा वहीत चित्र काढत बसायचास. मला वाटायचं, हा एक तरी हात लावणार नाही.”

“फादर, पुरे.”

“मी माझ्या चुकीबद्दल बोलतोय.”

रघुवीरने मान खाली घातली. मग एकदम वर केली.

“त्यांनी मला पाहिलं? पट्टी काढताना?”

“शेवटच्या बाकावर बसून. अख्खा अर्धा तास.”

“मग थांबवलं का नाही?”

“तिला वाटलं, फादरांनी पाठवलेला शिकलेला माणूस आहे, याला कळत असणार. तू गेल्यावर चुरा तिनेच झाडून काढला.”

“आणि कुलूप लागलं तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलं सरपंचबाईंना?”

“हेच मी विचारलं. म्हणाली, इतक्या लांबून आला होता बिचारा. शिवाय तुमचा माणूस, फादर. तुम्हाला खाली बघायला लागलं असतं.”

वरच्या उघड्या खिडकीतला पडदा हलला. वाऱ्याने असेल.

“मग तुम्ही सांगा ना त्यांना,” रघुवीर म्हणाला. “तुमचं ऐकतील.”

“माझ्याकडून तिने वचन घेतलंय. पंचायतीत मी तोंड उघडायचं नाही. तुझ्याकडून कुणी घेतलेलं नाही.”

फादरांनी घड्याळ बघितलं. अकरा पस्तीस.

“पंचायत मंगळवारी आणि शुक्रवारी उघडते, बारापर्यंत. आज शुक्रवार. सरपंचबाई आत आहेत. त्यांना इंग्रजी येतं. इंजिनिअर मला स्वतः म्हणाला, भेगेत जुनी काजळी बसलेली आहे, भेग जुनीच वाटते. पण पट्टी कशाने फुटली ते कळल्याशिवाय तो सही करणार नाही. एक वाक्य लागेल, रघू.”

“संरक्षित इमारत आहे ती. पोलिसांत दिलं तर? माझा व्हिसा... बँकेत कळलं तर... आणि पुस्तक? त्या प्रकरणाचं काय करू?”

“हो. ते सगळं आहेच.”

“काही होणार नाही, असं तरी म्हणा.”

“मला माहीत नाही.”

रघुवीर उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला, शर्ट नीट खोचला.

“मी येऊ?” फादरांनी विचारलं.

“नको. माझं मी सांगतो.”

तो आत गेला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बाहेर आला तेव्हा अकरा त्रेपन्न. त्याच्या हातात कागदाची गुंडाळी होती, तिला तिरंगी फीत बांधलेली.

“सांगितलंस?”

“त्याच आधी बोलायला लागल्या, फादर. मी नुसतं नाव सांगितलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. माझा हात सोडेचनात. आतून कारकूनबाईंना बोलावलं. म्हणाल्या, तुमच्यामुळे अपघात टळला, एखादं लेकरू दगावलं असतं. आणि हे... चर्चच्या जुन्या चित्राची प्रत आहे. सही करून दिली त्यांनी.”

“आणि तू?”

“मी थँक्यू म्हणालो.”

फादरांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

“अजून सात मिनिटं आहेत.”

रघुवीर बाकावर बसला. गुंडाळी मांडीवर ठेवली. ती घसरायला लागली तशी दोन्ही हातांनी धरली.

“सहा.”

“आता कसं सांगू? आधी सांगता आलं असतं. आता त्यांनी हे दिल्यावर...”

फादर उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

रघुवीरला वाटलं, गुंडाळी मागतायत. त्याने ती दिली. फादरांनी ती बाकाच्या टोकाला ठेवून दिली आणि हात पुन्हा तसाच पुढे धरला. त्याला उठवायला.

रघुवीर त्या हाताकडे बघत बसला.

चर्चची घंटा विजेवर चालत होती. दाराला कुलूप लागलं तरी ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. बारा टोल पडले.

सरपंचबाई बाहेर आल्या. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. झाडाखाली दोघे दिसले तशा त्या खुशीत हसल्या आणि लांबूनच हात हलवला.

रघुवीरने उठून हात हलवला.

त्यांची गाडी चौकातून बाहेर पडली. तिचा आवाज बराच वेळ शेतांतून ऐकू येत राहिला.

मंगळवारी रघुवीर बँकेत असणार होता.

फादरांनी हात खाली घेतला.

“फादर...”

फादरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

“मी पत्र लिहीन. घरी गेल्यावर सविस्तर लिहीन, शांतपणे.”

“लिहितोस छान.”

तेव्हा रघुवीरला रडू फुटलं. त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. डोळे पुन्हा भरले.

“चुकलो मी, फादर. फार चुकलो. मला हे असं घेऊन परत जाता येणार नाही. मी मादाम जर्मेनकडे जातो. पाया पडतो त्यांच्या. क्षमा मागतो. आत्ता.”

आणि तो चौक ओलांडून निळ्या झडपांच्या घराकडे भराभरा चालू लागला.

फादर धावले. या वयात त्यांना धावताना गावाने कधी बघितलं नव्हतं. फाटकाशी ते त्याच्या पुढे आले आणि दोन्ही खांबांना हात लावून आडवे उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

“सोडा मला. निदान क्षमा तरी मागू द्या.”

“नाही.”

“का पण, फादर?”

“ती लगेच क्षमा करून टाकेल.”