ढोलीच्या वाटेचा पाठ

ज्या वाटेने सगळे जातात, ती वाट शाळेच्या नकाशात का नाही?

हा प्रश्न ढेकळ्या नावाच्या मुंगळ्याने प्राचार्यांना विचारला, दारावरच्या पहारेकऱ्याला विचारला, खानावळीत मोठ्याने विचारला, आणि शेवटी भिंतीला विचारला. भिंत निदान तोंड फिरवून निघून गेली नाही.

त्या राज्यात वाट शिकल्याशिवाय कुणाला जगता येत नसे. वारूळ खोल होते, बाहेरचे रान त्याहून मोठे होते, आणि नुकत्याच जन्मलेल्या मुंगीला दाणा कुठे मिळतो, पाणी कुठे साचते, सरडा कोणत्या दगडावर बसतो, यातले काहीच ठाऊक नसे. म्हणून वाट शिकवणारे असत. शिकवण्याची रीत एकच होती. शिकवणारी पुढे चालायची, शिकणारी मागे. शिकणारीने आपल्या मिशांनी पुढचीच्या पाठीवर टकटक करायची. टकटक झाली की पुढचीने एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. मागची आजूबाजूला बघून घेई, खुणा लक्षात ठेवी, पुन्हा पाठीवर टकटक करी. मग पुढचे पाऊल. याहून हळू रीत दुसरी नसेल. पण या रीतीने शिकलेले कुणी हरवत नसे.

असे शिकवणारे तयार करण्यासाठी वारुळाच्या पूर्वेला वाटशाळा होती. तिथे दोन वर्षे राहावे लागे. शेवटी प्रत्येकाने एक वाट निवडायची, एक शिकणारी मागे घ्यायची आणि तिला तिथवर नेऊन परत आणायचे. याला शेवटचा पाठ म्हणत. तो झाला की ती शिकवणारी झाली.

वाटशाळेचे प्राचार्य थोर डोक्याचे होते. हे कौतुकाने म्हटलेले नाही. त्यांचे डोके खरोखरच शाळेच्या दाराच्या मापाचे होते. वादळ आले, शत्रू आला, की ते दारात डोके घालून उभे राहत आणि दार बंद होई. पुढे पुढे कुणी प्रश्न घेऊन आले तरी ते तसेच करू लागले.

ढेकळ्यालाही या शाळेत घातले होते. तिसऱ्या दिवशी त्याला काढले. त्याला टकटक करण्याइतका धीर नव्हता; तो पुढचीला ढकलून स्वतःच पळत सुटायचा. त्याला मातीची ढेकळे वाहायचे काम मिळाले आणि नावही त्यावरूनच पडले. त्याची थोरली बहीण मात्र शाळेत टिकली. ती इतकी सरळ चालायची की तिला सगळे रेघ म्हणत. त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हते.

आता त्या वाटेबद्दल.

वारुळापासून थोड्या अंतरावर उंबराच्या खोडात एक ढोली होती. ढोलीत गोड रस पाझरायचा. पंख फुटायच्या वयात आलेले सगळे दुपारी तिकडे जात. त्याआधीचे जात, नंतरचेही जात. प्राचार्यांच्या मागच्या पायांना कधीकधी तो रस चिकटलेला असे. ते म्हणत, चिखल आहे. ढोलीच्या तळाला बारीक कुसळे होती. ती पोटाखाली टोचत आणि टोचलेल्या जागेतून पांढरी बुरशी आत शिरे. तेव्हा काही कळत नसे. बऱ्याच महिन्यांनी अंग गळायला लागे.

वारुळाच्या वैद्यांना हे सगळे पक्के ठाऊक होते. ढोलीत पान अंथरून बसले तर कुसळ टोचत नाही. टोचलेच, तर कडू डिंकाचा एक थेंब रोज घ्यायचा. मग टोचलेली मुंगी वर्षानुवर्षे जगते, दाणे वाहते, पोरे वाढवते. आणि बुरशी अंगाच्या आत असते. ती मिशीला मिशी लावल्याने जात नाही, एका बिळात झोपल्याने जात नाही, तोंडातला घास तोंडात दिल्याने जात नाही. इतके सोपे होते. तीन पावलांचा पाठ होता.

शाळेच्या नकाशात त्या जागी कोरे वर्तुळ होते. शिकवणाऱ्यांना तिथे पोचल्यावर वळसा घ्यायला शिकवत. वळसा घेताना म्हणायचे वाक्यही पाठ करून घेत: चांगल्या मुंग्या इकडे बघत नाहीत. अशा शिकवणाऱ्या दरवर्षी वारूळभर पसरत आणि त्यांनी शिकवलेली पोरे पान न घेता ढोलीत जात.

रेघ दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिचे अंग गळायला लागले. ती स्वतः वैद्यांकडे गेली, तपासून घेतले, कडू डिंक सुरू केला आणि बरी झाली. म्हणजे चालती झाली, हसती झाली. हे तिने फक्त भावाला सांगितले.

तो ओरडला, "कुणी नेलं तुला तिकडे? नाव सांग, तंगड्या तोडतो."

"माझ्याच तंगड्यांनी गेले," ती म्हणाली. "सहाच्या सहा तोड. मग मला पाठीवर घेऊन फिरायचं काम तुलाच लागेल."

दरवर्षी वाटशाळेत जागृती दिन असे. त्या दिवशी सगळे अंगाला लाल पाकळी चिकटवत, दारापुढे रांगोळी घालत, घोषवाक्यांची स्पर्धा होई. त्या वर्षीच्या रांगोळीत ढोली काढली होती आणि तिच्यावर फुली मारली होती. कुसळ काढले नव्हते. पान तर नव्हतेच. पहिले बक्षीस तिलाच मिळाले. वैद्यांनी भाषणात सांगितले की स्पर्शाने काही होत नाही, आणि प्राचार्यांनी सर्वांत जोरात पाय आपटून दाद दिली.

त्याच दिवशी रेघेने आपल्या शेवटच्या पाठाचे टाचण प्राचार्यांपुढे ठेवले. पाठाचे नाव होते ढोलीची वाट. उद्दिष्ट: कुसळ ओळखणे, पान अंथरणे. शिकणाऱ्यांचे पूर्वज्ञान: वाट सर्वांना माहीत आहे, कुसळ कुणालाच नाही. आणि खाली, जिथे शिकवणारीचा अनुभव लिहायचा असतो, तिथे तिने लिहिले होते: मला टोचलेले आहे.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना ते टाचणापासून जरा मागे सरकले.

"हा पाठ घेता येणार नाही."

"कोणत्या नियमानं, गुरुजी?"

"नियमाचा प्रश्न नाही, बाळ. शिकणारीला तुझ्या पाठीला मिशा लावाव्या लागतील."

"मिशीनं काही होत नाही. वैद्य मघाशीच बोलले. तुम्ही दाद दिलीत."

"भाषणाला दाद द्यावी लागते. उद्या एखाद्या आईनं येऊन विचारलं तर मी काय सांगू?"

"तेच सांगा. आपण शिकवणारे आहोत ना?"

"तू विश्रांती घे," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या छातीवरची लाल पाकळी अजून ताजी होती. "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

संध्याकाळपर्यंत टाचण सगळ्या शाळेत फिरले होते. कुणी फिरवले हे कुणालाच माहीत नव्हते. खानावळीत मुंग्या एकमेकींना तोंडातून घास देत. रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूची जागा रिकामी झाली. तिच्या खोलीत ओंबी नावाची मैत्रीण होती. थंडीत दोन वर्षे ती रेघेच्या पाठीला पाठ लावून झोपली होती आणि ठणठणीत होती. तिनेही आपला बिछाना दाराशी ओढला. रेघ तिला एवढेच म्हणाली, "दाराशी वारा लागेल गं." ओंबी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चार दिवसांनी रेघेला विश्रांतीसाठी शाळेबाहेरच्या सुक्या फांदीखाली ठेवले. काढले असे कुणी म्हणाले नाही. शब्द विश्रांती हाच होता. वैद्य शाळेच्या आत बसत, कडू डिंक तिथेच मिळायचा. आत यायला तिला परवानगी नव्हती.

मग ढेकळे वाहायला आत-बाहेर करणारा ढेकळ्या डिंक आणू लागला. वैद्यांकडून थेंब जबड्यात धरायचा आणि पळायचे. तो दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने चालूच शकत नव्हता. फांदीपाशी पोचेपर्यंत अर्धा थेंब सांडलेला असे, कधी सगळाच.

"हळू ये ना," रेघ म्हणायची. "वाटेवरच्या गवताची तब्येत बघ किती सुधारली."

तो हसायचा नाही. पुन्हा पळायचा, पुन्हा सांडायचा. वाटेत जो भेटेल त्याला तो नकाशातल्या वाटेचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर न मिळाल्यावर ढेकूळ फेकायचा. तिला थेंब कमी पडला शाळेमुळे, आणि थोडा त्याच्यामुळे. हे त्याला ठाऊक होते आणि त्यामुळे तो आणखी जोरात पळायचा.

बुरशी परत आली. तिचा रंग उडाला. एका सकाळी तिने त्याला समोर बसवले.

"माझा पाठ राहिलाय."

"खड्ड्यात गेला पाठ. मी तुला पाठीवर घेतो, वैद्यांच्या दारात नेऊन टाकतो, बघू कोण अडवतं."

"काल नेलं होतंस. अडवलं. आज माझं ऐक. मला एक शिकणारी हवी आहे. कुणी येत नाही. तू ये."

"मला तिसऱ्या दिवशी काढलंय, ताई."

"म्हणून तर तुझं शिकणं राहिलंय. चल, मागे हो."

ती पुढे झाली. तो मागे उभा राहिला आणि त्याने तिच्या पाठीला मिशा लावल्या. पाठ कोरड्या पानासारखी हलकी लागली. त्याने टकटक केली. तिने एक पाऊल टाकले आणि ती थांबली.

उंबरापर्यंत जायला त्याला एरवी एक क्षण पुरायचा. त्या दिवशी सकाळची दुपार झाली. दोनदा तो वैतागून पुढे घुसला, दोनदा तिने त्याला मागे पाठवले. "पाठ चालू आहे," ती म्हणायची. "सरडा कोणत्या दगडावर आहे ते बघितलंस? नाही बघितलंस. मागे हो." वाटेत पोरे ढोलीकडे पळत होती, या दोघांना वळसा घालून. एक ओरडले, "अरे, बुरशीवाल्यांची वरात!" ढेकळ्याने ढेकूळ उचलले. पुढून आवाज आला, "टकटक कर." त्याने ढेकूळ खाली ठेवले.

ढोलीत तिने त्याला कुसळे दाखवली, एकेक, कुठून वाकून बघितली की चमकतात तेही. मग एक पान ओढून आणायला लावले, अंथरायला लावले, उलटे अंथरले म्हणून पुन्हा अंथरायला लावले. "आता बस," ती म्हणाली. तो बसला. काही टोचले नाही. एवढाच पाठ होता. ढेकळ्याला रडू आले. तो रागाने म्हणाला, "हे एवढंच? हे एवढं सांगायला यांना काय झालं होतं?"

परतताना तिची पावले लहान होत गेली. शाळेचे दार दिसायला लागले तिथे ती थांबली. ढेकळ्याने टकटक केली. तिने पाऊल टाकले नाही. त्याने पुन्हा टकटक केली. मग पुन्हा. ऊन कलले तरी तो टकटक करत होता.

बुरशीने मेलेल्याला त्या राज्यात कुणी शिवत नसे. काडीने ढकलत उकिरड्यावर नेत. पहारेकरी काडी घेऊन आला. ढेकळ्याने ती काडी चावून तोडली. बहिणीला पाठीवर घेतले आणि तो शाळेच्या दारापाशी आला. प्राचार्यांनी दारात डोके घातले. ढेकळ्याने पहिले ढेकूळ त्या डोक्यावर घातले. मग दुसरे. तिसरे. डोके हलले नाही. त्या डोक्याला काही लागतच नव्हते. आतून प्राचार्यांचा आवाज आला, "आम्हालाही अतिशय दुःख आहे."

चौथे ढेकूळ त्याच्या जबड्यात होते. ते त्याने खाली ठेवले.

त्याने रेघेला दारासमोर ठेवले, जिथे जागृती दिनाची रांगोळी होती. तिच्याभोवती चार ढेकळे रचली, आणि वर एक हिरवे पान अंथरले, सुलटे. मग तो शाळेकडे पाठ करून उंबराच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. पहारेकऱ्याला वाटले, आता हा पळत सुटणार. तो पळाला नाही. रात्र सरली, सूर्य मागून उगवून पुढे आला. मिशांवर धूळ बसली. इतका वेळ त्याचे पाय कधीच एका जागी राहिले नव्हते.

मागे प्राचार्यांच्या डोक्याच्या बाजूची माती किंचित सुटली. आतून कुणीतरी उकरत होते, कधी ढेकूळ न वाहिलेल्या, अवघडलेल्या पायांनी. माती पडली, मग आणखी पडली. भोकातून ओंबी बाहेर आली. ती पानापाशी बराच वेळ थांबली. ढेकळ्याने वळून पाहिले नाही.

मग त्याच्या पाठीवर दोन मिशा टेकल्या. टकटक झाली.

त्याने एक पाऊल टाकले, आणि तो थांबला.