वर राहिलेला हात

“दोष माझ्या शिकवण्यात आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावत बसल्या.

विश्वंभरचा पारा चढला. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्या मयूरासनाला तोड नव्हती. दर रविवारी आईबाप आपापली पोरं घेऊन त्याच्या वर्गाला येत, शेजारी शेजारी बसून आसनं करत. आणि याची स्वतःची लेक, अकरा वर्षांची शर्वाणी, दिवाळीपासून सतरंजीवर पाय ठेवायला तयार नव्हती. पोटात दुखतं म्हणायची. पोट तपासून झालं. पोट ठणठणीत होतं.

“लोकांची पोरं माझ्याजवळ येतात, अक्का. माझीच येत नाही. तेवढं तिला समजवा. दुसरं मला काही नको.”

नदीच्या घाटावर, देवळाच्या ओवरीत राहणाऱ्या या म्हातारीनं भल्याभल्यांना सरळ केलंय, असं ऐकून तो आला होता. सरळ व्हायचंय ते पोरीला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

अक्कांनी त्याच्यामागे उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं.

“काय गं, बाप मारतो?”

“नाही.”

“ओरडतो?”

“नाही.”

“मग?”

शर्वाणी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

“चुकलं तरच हात लावतात.”

“आता बरोबर असल्यावर हात कशाला लावायचा?” विश्वंभर पटकन म्हणाला.

...

अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“तुझी विद्या दाखव बघू.”

स्वारी फुलली. शीर्षासन झालं. मग मयूरासन. तळहातांवर तोललेलं अंग पट्टीनं आखल्यासारखं आडवं. श्वास हलेल तर शपथ.

“छान. मोर झालास. आता मढं हो.”

“शवासन?” तो हसला. “ते तर मी पहिल्याच दिवशी शिकवतो.”

“मग हो की.”

तो उताणा झाला. डोळे मिटले. चेहऱ्यावर अशी शांती आणली की येणाऱ्याजाणाऱ्यानं हार घालावा.

“पोरी, उचल बापाचा हात. मनगटाला धर. हां... आता सोड.”

मनगटावरची बोटं सुटलेली विश्वंभरला कळली. झालं, त्याला वाटलं. एवढंच ना!

कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्यानं एक डोळा उघडला. हात अजून वरच होता. कुणीही धरलेला नसताना, झेंड्याच्या काठीसारखा ताठ.

“असलं मढं मी जन्मात पाहिलं नाही,” अक्का म्हणाल्या. “हे तिरडीवरून उठून खांदेकऱ्यांना रस्ता सांगेल.”

शर्वाणी खो खो हसत सुटली. ते हसू त्यानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. राग यायला हवा होता, तो कुठे गेला कोण जाणे.

“पुन्हा,” तो म्हणाला.

पुन्हा हात वर गेला. या वेळी त्यानं तो धाडकन खाली टाकला.

“आपटलास. पडला नाही.”

“पण अक्का, मी तर सगळं सोडलं...”

“गप.”

शर्वाणी त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. उचलला नाही, वळवला नाही. नुसता धरला.

“बाबा, मी धरलाय. तुम्ही नका धरू.”

...

आधी खांदा सैल झाला. मग कोपर. मग त्याला स्वतःलाच ठाऊक नसलेलं कुठलंसं, मानेमागचं.

“बाबा! केवढा जड आहे हो हा!”

आणि तिनं सोडला. भद्दकन पडला.

“पडला! अक्का, पडला! माझ्या हातून पडला!”

पोर ओवरीभर नाचली. वळचणीची कबुतरं फडफडत नदीपार गेली. याला पदकं मिळाली तेव्हासुद्धा घरात एवढा जल्लोष झाला नव्हता.

मग धापा टाकतच ती त्याच्या शेजारी, उघड्या फरशीवर, आपणहून आडवी झाली.

“आता माझा उचला.”

विश्वंभर उठून बसला. त्यानं तिचा हात उचलला. मनगट जरा वाकडं होतं. त्याचा अंगठा सवयीनं तिथं गेला... आणि थांबला.

एरवी त्याचं बोट लागलं की ही पोर लाजाळूसारखी मिटायची. आज तिच्या हाताचा सगळा भार, रतीभरही मागं न ठेवता, त्याच्या तळव्यात उतरला होता.

त्यानं सोडलं. हात फुलासारखा पडला. पोर मिटल्या डोळ्यांनी हसत होती.

त्याच्या वर्गात असं शवासन आजवर एकालाही जमलं नव्हतं. विश्वंभर हसू लागला, मोठमोठ्यानं, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. पुसायचं त्याला सुचलं नाही.

“अक्का... हे हिला कुणी शिकवलं?”

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“मघाशी इथं एक मढं पडलं होतं ना, त्यानं.”