धनेशीणबाईंची ढोली

फार पूर्वी, पाखरं एकमेकांची घरं बांधून द्यायची तेव्हा, सागाच्या रानात ठोकेराव नावाचा सुतारपक्षी जुन्याजाणत्या कोरकाकूंकडे ढोल्या कोरायचं काम शिकायला होता. त्याच्या चोचीला तोड नव्हती. पण कोरकाकू माप घ्यायला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवू लागल्या, की तो तोंड वाकडं करी. "काकू, हे सगळं घरट्यात असतानाच शिकून झालंय. मला लाकूड द्या!"

एकदा भल्यामोठ्या चोचीच्या धनेशीणबाई आल्या. अंडी घालायचे दिवस अगदी तोंडावर आले होते. "मला ढोली हवी," एवढं त्या म्हणतात तोच ठोकेराव उडालासुद्धा. दुपारपर्यंत त्याने गुळगुळीत, देखणी ढोली कोरली. मात्र स्वतःच्या अंगाच्या मापाची.

बाईंनी आत डोकावायला चोच घातली आणि ती घट्ट अडकली. ठोकेराव शेपटी धरून ओढू लागला. "बाई, चोच जरा आवरती घ्या ना!"

"मेल्या, चोच काय घरी ठेवून येऊ?" आतून घुमल्यासारखा आवाज आला. "राहायचं कुणाला, हे विचारलंस का?"

तीन पिसं गमावून बाई सुटल्या. ठोकेराव शरमला. त्याने काडीने बाईंना चोचीपासून शेपटीपर्यंत मोजलं, अंडी किती ते विचारलं आणि दोन दिवस खपून ढोली मोठी केली. अंडी वेळेवर आत पडली.

पुढच्या आठवड्यात पोपट आला. ठोकेरावने माणसं किती, ऊन कुठून हवं, पाहुणे येतात का, सगळं विचारलं.

शेवटी पोपटच कंटाळून म्हणाला, "अहो, मला जरा बोलू द्याल का?"