ज्या गल्लीत ढोल थांबला

कोणत्या राजाचं राज्य होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. नदीच्या वळणावर विणकरांचं एक गाव होतं. तिथे गोदूबाई आणि तिची तरुण मुलगी राही राहत.

राही समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. काही विचारलं, की तोच प्रश्न पुन्हा म्हणे. तासन् तास सुताचा धागा बोटांतून फिरवत बसे. काही माणसं असं मन घेऊनच जन्माला येतात. त्या काळी त्याला नाव नव्हतं, म्हणून गावाने आपलंच एक नाव दिलं: झपाटलेली.

दरवर्षी ग्रामदेवीची पालखी दारोदार जाई आणि घरातल्या सगळ्यांनी उंबऱ्यावर यावं अशी रीत होती. पण ढोल वाजू लागला की राही कान दाबून किंचाळे आणि दार लावून घेई. एके वर्षी पंचांनी ठरवलं, "यंदाही पोरगी दारात आली नाही, तर त्या घराने गाव सोडावं."

हा निरोप घेऊन ढोलवाला तायप्पा गोदूबाईकडे गेला. ढोल त्याने ओसरीवर टेकवला. तेवढ्या आवाजाने राही भिंतीशी जाऊन अंग चोरून बसली.

"हट्ट नाही हो तिचा, दादा," गोदूबाई म्हणाली. "तुम्हाला तो नाद वाटतो. तिला तो मारासारखा लागतो. आणि अचानक काही झालं की ती आणखी घाबरते."

तायप्पाने भिंतीशी बसलेल्या राहीकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांनी त्याच्या ढोलाचं कौतुकच केलं होतं. त्यातून कुणाला मार बसत असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तो तसाच पंचांचे प्रमुख असलेल्या पाटलांकडे गेला. "पाटील, त्या गल्लीत मी ढोल वाजवणार नाही."

"देवी कोपली तर?"

"आपल्याच लेकीला मारून केलेला नाद देवीला कसा गोड लागेल? कोपलीच, तर माझ्यावर कोपू दे."

पाटलांनी एकदा वाड्याच्या आतल्या बाजूला पाहिलं. मग म्हणाले, "यंदापुरतं बघू."

गोदूबाई राहीला रोज समजावून सांगू लागली: पालखी अशी येईल, इथे थांबेल, मग पुढे जाईल.

पालखी आली तेव्हा गल्लीत फक्त पावलं वाजत होती. दार अर्धवट उघडलं. राही बाहेर आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही, हातही जोडले नाहीत. पालखीच्या झालरीचा गोंडा धरला आणि बोटांतून फिरवत राहिली. भोयांचे खांदे भरून आले, तरी ते उभे राहिले.

"नमस्कार नाही केला," कुणीतरी कुजबुजलं.

"आली ना," पुजारी म्हणाला.

पालखी पाटलांच्या वाड्याजवळ पोहोचली. तायप्पाने ढोलाचं टिपरू उचललं, तेव्हा पाटलांनी त्याचा हात धरला. "इथेही नको," ते हळूच म्हणाले आणि आत गेले.

परत आले तेव्हा त्यांच्यासोबत एक पिकल्या केसांचा माणूस होता. मान खाली घालून तो जागच्या जागी डुलत होता. पाटलांचा धाकटा भाऊ. तो परगावी असतो, असं गाव समजत होतं. इतकी वर्षं तो मागच्या खोलीत होता.

पुजाऱ्याने त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

त्यानंतर त्या गावात पालखी निघण्याआधी तायप्पा घरोघर विचारून येई, ढोल कुठे थांबवायचा. दरवर्षी एखादं नवं दार उघडे.

बोध: जो आपल्या रीतीत बसत नाही, त्याला बाहेर काढू नये, त्याला जागा होईल इतकी रीत बदलावी.