वेशीवरचं रुखवत

पाच गावांचा बाजार एकच होता, जकात नाही की अडवणूक नाही. रावजी पाटलांनी आपलं गाव त्यातून बाहेर काढलं. वेशीवर आडवा वासा टाकून म्हणाले, "माल येऊ दे, जाऊ दे. परगावचं माणूस मात्र इथं राहायला येणार नाही."

पुढं त्यांच्याच लेकाचं लग्न निघालं. शेजारच्या गावाहून वऱ्हाड वेशीवर आलं. नवरीच्या आत्यानं, भागूबाईनं, रुखवताची गाडी आत धाडली आणि पोरीचा हात धरून ती मागं वळली.

पाटील धावले. "विहीणबाई, नवरी कुठं नेता?"

"रुखवत माल आहे, तो ठेवा. पोर परगावचं माणूस आहे, तेही राहायला आलेलं. लेकाचं लग्न लाडवाशी लावा."

नवरदेव रडकुंडीला आला. पाटलांनी वासा स्वतःच उचलला. आता सूनबाई त्यावर गोधड्या वाळत घालते.